दोन कॉम्प्युटर, एक टेबल : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टपालात आणि दुकानातल्या टेबलावर मिळून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न एकाच घरातले वाटावेत असे होते. घरात किंवा ऑफिसात कॉम्प्युटर दोन झालेत, टेबल मात्र एकच आहे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानात मी २००४ पासून कॉम्प्युटर उघडते, जोडते, दुरुस्त करते. हा प्रश्न पूर्वी वर्षातून एखादा यायचा. घरून काम सुरू झालं तेव्हापासून आठवड्याला एक तरी येतो, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी पुण्याच्या एका कंपनीत नोकरी करते, पण काम सोलापुरातल्या घरून. कंपनीने लॅपटॉप दिलाय. संध्याकाळी वडिलांच्या सुताच्या दुकानाचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर बघते. टेबल चार फुटांचं. त्यावर चोवीस इंची दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड, दोन माउस, आणि एक कीबोर्ड कायम मांडीवर. सकाळी एचडीएमआयच्या, म्हणजे मॉनिटरला चित्र नेणाऱ्या केबलच्या, पिना लॅपटॉपला लावते, संध्याकाळी काढून कॉम्प्युटरला. आता लॅपटॉपचं पोर्ट सैल झालंय, केबलला हात लागला तरी चित्र जातं. एका दुकानात विचारलं तर 'दोन मॉनिटरचा केव्हीएम घ्यावाच लागेल' म्हणाले. किंमत ऐकून परत आले. दुसरा काही मार्ग आहे का? (जुळे सोलापूर)

उत्तर : आहे, आणि तुमच्यासाठी तोच बरा आहे.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. कीबोर्ड आणि माउस दोन्हीकडे कसा चालवायचा, हा एक. मॉनिटरवर कधी याचं, कधी त्याचं चित्र कसं आणायचं, हा दुसरा. केव्हीएम, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस, हा डबा दोन्ही प्रश्न एका बटणात सोडवतो. म्हणून तो महाग पडतो. त्यातला कीबोर्ड-माउसचा भाग अगदी सोपा आणि स्वस्त असतो. सगळा खर्च जातो तो चित्राच्या भागावर. आणि चित्राचा प्रश्न तुमच्या मॉनिटरने आधीच सोडवून ठेवलेला असतो, फक्त कोणी सांगितलेलं नसतं.

आज रात्री जेवणं उरकली की टेबल मोकळं करा, घडी घातलेली चादर अंथरा आणि मॉनिटर तिच्यावर पालथा ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावून खालच्या कडेला बघा. पोर्ट खालच्या बाजूला तोंड करून असतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाहीत. चोवीस इंची मॉनिटरला बहुतेक वेळा एक एचडीएमआय असतं, आणि शेजारी एक कोपरा कापल्यासारखं दिसणारं डिस्प्लेपोर्ट असतं. कधी निळं व्हीजीए, कधी दोन एचडीएमआय. म्हणजे एका मॉनिटरला दोन कॉम्प्युटर एकाच वेळी, कायमचे जोडून ठेवता येतात. कोणाचं चित्र दाखवायचं ते मॉनिटरच्या कडेच्या बटणावर ठरतं. त्याला मेनूत 'इनपुट' किंवा 'सोर्स' म्हणतात. पिना काढायच्याच नाहीत.

आता कागद घ्या आणि चार रेघा काढा. लॅपटॉपकडून दोन, कॉम्प्युटरकडून दोन. प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना पोर्टचं नाव लिहा. हा कागद न करता केबल आणायला गेलात तर निम्म्या केबल परत करायला याल, हे मी रोज बघते. लॅपटॉपचं सैल झालेलं एचडीएमआय सध्या वापरू नका. ते पोर्ट बोर्डवरून सुटत आलेलं असतं, चांगल्या कारागिराकडून पुन्हा डाग देऊन घेतलं तर वाचतं, पण रोज ओढत राहिलात तर बोर्डवरची तांब्याची पट्टीच उखडते. लॅपटॉप कंपनीचा आहे, तेव्हा दुरुस्तीही त्यांनाच सांगा. लॅपटॉपला यूएसबी-सी असेल तर त्याच्या शेजारी बारकाईने बघा. विजेच्या बाणासारखी खूण किंवा डी-पी (म्हणजे डिस्प्लेपोर्ट) अक्षरांची छोटी खूण असेल तर त्यातून चित्र निघतं. नुसती यूएसबीची खूण असेल तर खात्री देता येत नाही, मॉडेलची माहिती बघावी लागेल. काही यूएसबी-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरते असतात, दिसायला मात्र अगदी तसेच.

केबलच्या दिशेची एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिथेच पैसे जातात. कॉम्प्युटरकडून डिस्प्लेपोर्ट निघून मॉनिटरला एचडीएमआय लागतं अशी साधी केबल बहुतेक ठिकाणी चालते. पण कॉम्प्युटरकडून एचडीएमआय निघून मॉनिटरला डिस्प्लेपोर्टने जायचं असेल तर ती साधी केबल उलटी लावून चालत नाही. त्याला स्वतःची वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. दुकानात 'एचडीएमआय-डीपी केबल द्या' एवढंच म्हणू नका, 'कुठून कुठे' ते सांगा.

राहिला कीबोर्ड-माउस. त्यासाठी यूएसबी शेअरिंग स्विच मिळतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. दोन केबल दोन कॉम्प्युटरना जातात, कीबोर्ड आणि माउस स्विचमध्ये, वर एक बटण. बटण दाबलं की दोन्ही दुसरीकडे. सॉफ्टवेअर लागत नाही. घरी प्रिंटर असेल तर तोही त्यातच लावता येतो. चांगल्या दोन मॉनिटरच्या केव्हीएमपुढे याची किंमत फार थोडी आहे. घेताना एवढंच बघा की बटण वायरवर लटकणारं, लांबवर आणता येणारं असावं. स्विच मॉनिटरमागे जातो आणि बटण हाताशी राहतं. वायरलेस माउस असेल तर त्याचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टला किंवा पेनड्राइव्हला अगदी चिकटून लावू नका. यूएसबी ३ चालू असताना जो गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो, आणि वायरलेस माउसही तिथेच बोलतो. माउस अडखळतो, आणि लोक सेल बदलत बसतात. वीतभर एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर बाजूला आणला की बरं होतं.

म्हणजे सकाळी एक बटण स्विचचं, दोन मॉनिटरची. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. दिवसातून दोनदा बदलणाऱ्या माणसाला हे पुरतं, आणि बिघडायला मध्ये डबाच नाही. मी स्वतः दुकानात असंच वापरते. माझ्या बाकावर एक कायमचा कॉम्प्युटर आणि एक दुरुस्तीला आलेला, रोज वेगळा.

मॉनिटरच्या मेनूत 'ऑटो सोर्स' किंवा 'ऑटो स्विच' असं काही असेल तर बंद करा. ते चालू राहिलं की लॅपटॉप झोपी गेल्याबरोबर मॉनिटर आपणहून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पळतो, आणि मग तुम्ही 'चित्र कुठे गेलं' म्हणून केबल हलवायला लागता. तुमचं पोर्ट सैल होण्यात याचाही हात असू शकेल.

आता एक गोष्ट होईल, तिला घाबरू नका. मॉनिटर दुसरीकडे वळवलात की लॅपटॉपवर उघडलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्याच छोट्या स्क्रीनवर येऊन पडतील. त्याचं कारण असं. मॉनिटर जोडला की तो चित्राच्या केबलमधूनच कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो: कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, किती रेझोल्यूशन झेपतं. ही मूळ नोंद १२८ बाइटची असते, तिला ईडीआयडी म्हणतात. डिस्प्लेपोर्टवर बरेच मॉनिटर दुसऱ्या इनपुटला गेले की पहिल्या कॉम्प्युटरला वाटतं, मॉनिटर काढूनच नेला. मग तो खिडक्या जवळच्या स्क्रीनवर गोळा करतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे 'रिमेम्बर विंडो लोकेशन्स' अशी सुरुवात असलेली खूण आहे, ती चालू ठेवा. मॉनिटर परत आला की खिडक्या बहुतेक आपापल्या जागी जातात. केव्हीएमच्या डब्यांतही हाच घोळ होतो. महागड्या डब्यांत ही ओळख डबा स्वतः धरून ठेवतो आणि कॉम्प्युटरला कळूच देत नाही. त्यांच्या माहितीपत्रकात 'ईडीआयडी एम्युलेशन' लिहिलेलं असतं.

कडेची बटणं दाबायचाही कंटाळा आला तर आणखी एक सोय आहे. ज्या बारीक तारेतून मॉनिटर आपली ओळख सांगतो त्याच तारेतून कॉम्प्युटर त्याला हुकूमही देऊ शकतो. उजेड कमी कर, इनपुट बदल. मॉनिटरच्या मेनूत 'डीडीसी/सीआय' चालू असावं लागतं. विंडोजवर 'कंट्रोल माय मॉनिटर' नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सवर 'डीडीसीयुटिल'. यादीत ६० क्रमांकाच्या ओळीवर इनपुट सिलेक्ट असतं. प्रमाणाप्रमाणे १५ म्हणजे डिस्प्लेपोर्ट, १७ म्हणजे पहिलं एचडीएमआय, १८ म्हणजे दुसरं. काही कंपन्यांचे आकडे निराळे असतात, म्हणून मॉनिटर त्या इनपुटवर असताना यादीत कोणता आकडा दिसतो तो आधी टिपून घ्या. घरच्या कॉम्प्युटरवर याचा शॉर्टकट करून ठेवलात तर एका क्लिकमध्ये दोन्ही मॉनिटर लॅपटॉपकडे जातील. उलट दिशेने मात्र हातानेच, कारण कंपनीच्या लॅपटॉपवर तुम्ही स्वतःहून काही टाकायचं नाही.

हे मी आग्रहाने सांगते. एकच कीबोर्ड-माउस दोन कॉम्प्युटरवर चालवणारी सॉफ्टवेअरंही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज नावाच्या छोट्या प्रोग्रामांच्या संचामध्ये २०२३ पासून 'माउस विदाउट बॉर्डर्स' आलंय. चार कॉम्प्युटरपर्यंत चालतं, फुकट आहे. माउस एका स्क्रीनच्या कडेला नेला की तो दुसऱ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर निघतो, कीबोर्डही त्याच्या मागून जातो. मॅक, लिनक्स, विंडोज मिसळून असतील तर 'डेस्कफ्लो' किंवा 'इनपुट लीप'. दोन्ही ॲपलचे असतील तर त्यांचं 'युनिव्हर्सल कंट्रोल' आतच आहे, मॅकओएस १२.३ पासून. दोन्ही कॉम्प्युटर आपल्या मालकीचे आणि प्रत्येकाला आपापली स्क्रीन असेल तर ही पद्धत फार सुखाची आहे. पण तिथे तुमची प्रत्येक दाबलेली कळ घरच्या वायफायवरून जाते, आणि एकीकडे कॉपी केलेला मजकूर दुसरीकडे पेस्ट होतो. कंपनीच्या लॅपटॉपवरचं काही चुकून घरच्या कॉम्प्युटरवर आलं तर जबाबदारी तुमच्यावर येईल. बऱ्याच कंपन्यांचं व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, चालू झालं की घरातल्या घरात कॉम्प्युटर एकमेकांना दिसायचेही बंद होतात. बटणाच्या स्विचमध्ये यातलं काही नाही. लॅपटॉपला फक्त एक कीबोर्ड आणि एक माउस दिसतो.

मग केव्हीएम कुणी घ्यावा? जो दिवसात तीस-चाळीस वेळा इकडून तिकडे जातो त्याने. आणि घेताना डब्यावरची मोठी अक्षरं वाचून घेऊ नये. हे मी शिकले ते एका गिऱ्हाइकाला त्रास देऊन. होटगी रोडला घराचे नकाशे काढणारे एक जण आहेत, त्यांच्याकडे दोन ४के मॉनिटर. मी त्यांना डबा आणून दिला, वर ठळक '४के' लिहिलेलं. बसवला, चित्र सुंदर आलं, मी निघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: 'ताई, माउस चिखलातनं चालल्यासारखा चालतोय.' जाऊन बघितलं. रेघ काढताना बाण हाताच्या मागे राहत होता. डिस्प्ले सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ दिसलं. डबा एचडीएमआय १.४ चा होता, आणि त्यातून ३८४० बाय २१६० चं चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० लागतं, सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारं. डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं. मी डबा परत घेतला आणि तेव्हापासून कुठलाही डबा विकण्याआधी ते बारीक अक्षर गिऱ्हाइकाला वाचून दाखवते. तुमचे मॉनिटर फुल एचडी असतील तर तुम्हाला ही अडचण येणार नाही.

दोन मॉनिटरच्या केव्हीएमला प्रत्येक कॉम्प्युटरकडून चित्राच्या दोन केबल लागतात, हेही लक्षात असू द्या. काही डबे एकाच डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी केबलमधून दोन मॉनिटर चालवतात. त्या तंत्राला एमएसटी म्हणतात. विंडोजवर ते चालतं. मॅकवर मात्र त्या पद्धतीने दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं, दोन वेगळी नाही. आणि कीबोर्ड डब्याच्या ज्या पोर्टजवळ कीबोर्डचं चित्र आहे त्यातच लावा. स्क्रोल लॉक दोनदा दाबून कॉम्प्युटर बदलायची सोय त्या पोर्टवरच असते, कारण डबा तिथल्या कळा स्वतः वाचतो. रंगीत दिव्यांचे काही कीबोर्ड त्या पोर्टवर ओळखले जात नाहीत. ते शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टला चालतात, पण मग कळांनी बदलता येत नाही, बटणच दाबावं लागतं.

शेवटचं. पालथ्या मॉनिटरला एचडीएमआयशेजारी प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी पोर्ट दिसलं, आणि मेनूत कुठे 'केव्हीएम' शब्द सापडला, तर स्विचही आणू नका. तो मॉनिटर ते काम स्वतःच करतो. एकदा मला फोटो पाठवा, मग खरेदीला जा.

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं जुन्या कॉम्प्युटरवर काढतो, विंडोज ७ आहे. ते सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. बिलं आणि ई-मेलसाठी नवा कॉम्प्युटर घेतला. मॉनिटर नवा एकच, त्याला फक्त एचडीएमआय. जुन्याला निळं व्हीजीए. कन्व्हर्टर आणला, स्क्रीन काळीच. कीबोर्ड तरी एक चालेल का? जुन्याचा जांभळ्या गोल पिनचा आहे. (टॉवेल कारखानदार)

उत्तर : दादा, तुम्ही आणलेला कन्व्हर्टर बिघडलेला नाही, उलट्या दिशेचा आहे. बाजारात सगळीकडे मिळतो तो एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला लावण्यासाठी. तुम्हाला हवा व्हीजीएचं एचडीएमआय करणारा. ओळखायची खूण सांगते. तुमच्या कामाच्या कन्व्हर्टरला कॉम्प्युटरमध्ये खुपसायची पंधरा काड्यांची निळी पिन असते, दुसऱ्या टोकाला एचडीएमआयचं भोक, आणि वीज घ्यायला एक यूएसबीची शेपटी. ती शेपटी लावायला विसरू नका. व्हीजीएचं चित्र लाटेच्या रूपात येतं, एचडीएमआयला आकड्यांत लागतं, ते रूपांतर करायला वीज लागतेच.

मॉनिटरला एकच एचडीएमआय आहे, म्हणजे जुळे सोलापूरच्या ताईंना सांगितलेली युक्ती तुम्हाला चालणार नाही. तुमच्यासाठी एका मॉनिटरचा एचडीएमआय केव्हीएम योग्य. तो महाग नसतो. जुन्या कॉम्प्युटरचं चित्र आधी कन्व्हर्टरमध्ये, तिथून केव्हीएममध्ये. कीबोर्ड आणि माउस नवे यूएसबीचे घ्या. विंडोज ७ च्या काळातल्या कॉम्प्युटरला यूएसबी कीबोर्ड चालतोच. जांभळी पिन कीबोर्डची आणि हिरवी माउसची, ती जोडी जपून ठेवा. कधी केव्हीएम बंद पडला तर उपयोगी पडेल.

सॉफ्टवेअरने माउस वाटून घ्यायचा विचार तुमच्याकडे करूच नका. त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटर एका नेटवर्कवर यावे लागतात. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे सुधार १४ जानेवारी २०२० पासून बंद झालेत. ज्यावर तुमच्या पंधरा-वीस वर्षांच्या डिझाइनी आहेत तो कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडलेलाच राहू द्या. डिझाइनींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क कारखान्यात नाही, घरच्या कपाटात. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण पूर्व भागात एका विणकरकाकांची अशी हार्ड डिस्क माझ्या हातात येऊन बंद पडली. चादरीच्या काठांचे किती नमुने होते त्यात. एकही परत मिळाला नाही. ते अजून मला लागतं.

आणि दोन्ही कॉम्प्युटरच्या पिना एकाच बोर्डवर लावा, शक्यतो एकाच यूपीएसवर. कारखान्यात एक पिन या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला असते, आणि दोन्हीकडचं अर्थिंग सारखं असेलच असं नाही. केव्हीएम लावला की दोन्ही कॉम्प्युटरचे सांगाडे केबलच्या जाळीतून एकमेकांना जोडले जातात, आणि अर्थिंगमधला फरक त्या केबलमधून वाहतो. व्हीजीएवर तो डोळ्यांना दिसतो. एका कारखान्यात मी बघितलंय, स्क्रीनवर एक फिकट आडवा पट्टा खालून वर हळूहळू सरकत होता. मालकांनी दोन केबल बदलल्या होत्या. मी कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हाताची पाठ लावली तर झिणझिण्या आल्या. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. वायरमनने अर्थिंग दिलं, पट्टा गेला. तुमच्याकडे तसा पट्टा दिसला किंवा पत्रा झिणझिणला तर आधी वायरमनला बोलवा. स्वतः हात लावून तपासू नका, कारखान्यात जमीन ओली असते.

केव्हीएमचा डबा लूमच्या बाजूला उघडा ठेवू नका. सुताची धूळ पोर्टमध्ये बसते. जे पोर्ट वापरत नाही त्याला रबरी टोपी मिळते, ती लावा.

प्रश्न : मॅडम, मी करसल्लागार आहे. दोन कॉम्प्युटर आणि एक यूएसबी स्विच घेतला, कीबोर्ड-माउस छान चालतो. पण डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्हसारखं असतं ते, तेही त्यातच लावलंय, आणि रिटर्न भरताना मधेच 'टोकन सापडत नाही' म्हणून सही अडकते. टोकन बदलून घ्यावं का? (सात रस्ता)

उत्तर : टोकन चांगलं आहे. ते स्विचमधून काढा आणि ज्या कॉम्प्युटरवर सह्या करता त्याच्याच मागच्या पोर्टला थेट लावा.

स्विचचं बटण दाबणं म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने पिन उपटणं. कीबोर्ड उपटून परत लावला तर काही बिघडत नाही. टोकनचं तसं नाही. पासवर्ड टाकून उघडलेलं टोकन एकदा तुटलं की ती ओळख संपते, परत लावल्यावर पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही सही चालू असताना दुसऱ्या कॉम्प्युटरवर काही बघायला बटण दाबत असणार. सह्या दोन्ही कॉम्प्युटरवर कराव्या लागत असतील तर टोकन हातानेच काढून लावा, काम संपल्यावर. हाच नियम बॅकअपच्या हार्ड डिस्कला आणि पेनड्राइव्हला. फाइल लिहिली जात असताना बटण दाबलं तर फाइल तुटते, आणि मार्चअखेरीला ते कळलं तर फार वाईट.

प्रश्न : काकू, मी दहावीत आहे. बाबांनी नवा लॅपटॉप आणला. जुना लॅपटॉप चालतो पण फार हळू. त्याची स्क्रीन चांगली आहे. दोघांच्या मध्ये एचडीएमआय केबल लावली पण नव्याचं चित्र जुन्यावर येत नाही. माझी केबल खराब आहे का? (विजापूर रोड)

उत्तर : केबल ठीक आहे रे. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट हे फक्त बाहेर जायचं दार आहे. दोन्ही लॅपटॉप चित्र बाहेर पाठवतायत, घेणारं कुणीच नाही.

पण तुझं काम वायफायवर होऊ शकतं. जुन्यावर विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स उघड आणि 'वायरलेस डिस्प्ले' नावाचं फीचर टाकून घे. मग सिस्टिममध्ये 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' दिसेल, ते चालू कर. आता नव्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि के एकत्र दाब. यादीत जुन्याचं नाव आलं की त्यावर क्लिक कर. मग विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवड. जुना लॅपटॉप नव्याची दुसरी स्क्रीन होईल. एका बाजूला पुस्तकाची पीडीएफ, दुसऱ्या बाजूला तुझी वही. चित्र किंचित उशिरा येईल, त्यावर खेळ खेळू नकोस, अभ्यासाला पुरेल. जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड फार जुनं असेल तर ही सोय 'उपलब्ध नाही' असं दाखवेल. तसं झालं तर दोन्ही लॅपटॉपवर पॉवरटॉइज टाक आणि वर सांगितलेलं 'माउस विदाउट बॉर्डर्स' लाव. चित्र जाणार नाही, पण एका माउसने दोन्ही लॅपटॉप चालतील, आणि जुन्यावर पुस्तक उघडून ठेवायला तेवढा वेग भरपूर झाला. टाकण्याआधी बाबांना विचार. अडलं तर दोन्ही लॅपटॉप आणि दोन्हींचे चार्जर घेऊन दुकानात ये, दुपारी दोननंतर मी असते.